नऊ एमएमनंतर पहिली एआर-१५: ग्रीन कार्डवर, टेक्सासमध्ये

पिस्तुलावर हात बसलाय, आता पहिली रायफल घ्यायचं मनात आहे, आणि हातात अजून अमेरिकन पासपोर्ट नाही, ग्रीन कार्ड आहे, अशांसाठी हे सविस्तर लिहितोय. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआर-१५ घेतली, म्हणजे ट्रिगर दर वेळी ओढला की एक गोळी सुटणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल. आधी ओळखीच्या मराठी मंडळींकडे चौकशी केली, तेव्हा पिस्तूलवाले बरेच निघाले, रायफलवाले थोडे, आणि फॉर्मबद्दल दर माणशी वेगळी माहिती मिळाली. म्हणून जे जसं घडत गेलं त्या क्रमाने, आकड्यांसकट मांडतो.

हे सगळं टेक्सासचं आहे. फेडरल फॉर्म आणि तपासणी देशभर सारखी, पण राज्याराज्यांचे कायदे फार वेगळे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, इलिनॉय, वॉशिंग्टन या राज्यांत नेहमीच्या रूपातल्या एआर-१५ वर बंदी तरी आहे किंवा कडक अटी तरी. आयटीतली नोकरी डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला कधी नेईल सांगता येत नाही, आणि इथे कायदेशीर घेतलेली रायफल न्यू जर्सीत नेली तर तो गुन्हा ठरू शकतो. बदलीची शक्यता असेल तर हा विचार पैसे मोजण्याआधी करा.

दुसरा विचार त्याहून जड आहे. ६ मे २०२३ ला डॅलसजवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये एका माणसाने याच जातीच्या रायफलने आठ जणांना मारलं. त्यांत एक भारतीय तरुण अभियंता होती. आपल्यापैकी कितीतरी जण त्या मॉलमध्ये दर महिन्याला जातात. घरात अशी रायफल आणण्याचा विषय निघाला की आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर जे येतं ते खरं असतं, त्यावर वाद घालू नये. आमच्याकडे ठरलं ते असं: आधी तिजोरी, मग रायफल. तिजोरी जानेवारीतच आणली आणि भिंतीच्या लाकडी खांबांना बोल्टने पक्की केली. पिस्तुलाची छोटी पेटी रायफलला पुरत नाही, कारण १६ इंची नळीची एआर-१५ दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आत सरकवला तरी ३२ इंचांच्या आसपास भरते. उंच, अरुंद, आकडी कुलपाची पोलादी तिजोरी ३५० डॉलरना मिळाली. काडतुसांसाठी वेगळी कुलूपबंद पेटी आधीची होतीच.

टेक्सासचा कायदाही ध्यानात ठेवा. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा नोंदतो. आणखी एक बारीक फरक आहे. फेडरल कायद्याप्रमाणे दुकानदाराने पिस्तुलासोबत कुलूप द्यावंच लागतं, रायफलसाठी तशी सक्ती नाही. बहुतेक उत्पादक खोक्यात केबलचं कुलूप घालतात, पण नसलं तर आपणच मागून घ्यायचं.

काय घ्यायचं

पिस्तूल निवडताना आपण ते हातात कसं बसतं ते पाहतो. रायफलच्या बाबतीत नळीवर कोरलेली अक्षरं आधी वाचा. तिथे ५.५६ नाटो असेल तर त्यात ५.५६ आणि .२२३ रेमिंग्टन दोन्ही काडतुसं चालतात. नुसतं .२२३ रेमिंग्टन असेल तर त्यात ५.५६ घालायचं नाही. आकाराने दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात आणि चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीत) बसतातही, पण ५.५६ चेंबरमध्ये रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, सुरू होण्याआधी मोकळी जागा जास्त असते. .२२३ च्या आखूड जागेत ५.५६ चा दाब वाढतो. .२२३ वाइल्ड लिहिलेलं असेल तर दोन्ही चालतात.

पुढचा आकडा नळीतल्या पिळाचा. १/७ म्हणजे सात इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. १/७ किंवा १/८ असेल तर ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्वस्त गोळीपासून ७७ ग्रेनच्या जड गोळीपर्यंत सगळं चालतं. १/९ ला जड गोळ्या नीट स्थिर होत नाहीत. नळी १६ इंचांपेक्षा आखूड नको. त्याखाली दस्ता लावलेली रायफल फेडरल नोंदणी आणि आगाऊ मंजुरीच्या कक्षेत जाते, आणि पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाण्याचं काही कारण नाही. गॅसची नळी, म्हणजे गोळीमागचा गॅस बोल्टकडे मागे नेणारी बारीक नळी, १६ इंची बॅरलवर मध्यम लांबीची मिळाली तर घ्या. त्याहून आखूड अशा कार्बाइन लांबीपेक्षा तिचा धक्का मऊ असतो आणि भागांची झीजही कमी होते.

मी घेतली ती ८०० डॉलरची होती. स्मिथ अँड वेसन, रुगर यांच्या सुरुवातीच्या रायफली त्याहून थोड्या स्वस्त मिळतात, आणि नवशिक्याला त्यांत काही कमी पडत नाही. पहिल्या वर्षात दोन हजार डॉलरची रायफल आणि दोनशे काडतुसं यापेक्षा आठशेची रायफल आणि हजार काडतुसं हा हिशेब केव्हाही चांगला. विक्रीकर ८.२५ टक्के, म्हणजे ६६ डॉलर. रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी दुर्बिणीसारखी काच) १५०, पाच मॅगझिन मिळून ६५, स्लिंग म्हणजे खांद्याचा पट्टा ५०, ५५ ग्रेनची हजार काडतुसं ४५०. तिजोरीसकट सगळं दोन हजारांच्या थोडं आत बसलं. नऊ एमएमच्या तुलनेत दर राउंडचा, म्हणजे एका गोळीचा, खर्च साधारण दुप्पट धरा.

फॉर्म ४४७३

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. दुकान परवानाधारक, रायफल त्यांच्याकडे शिल्लक होती, म्हणून ऑनलाइन मागवल्यावर दुकानामार्फत ताब्यात घेण्याचे, म्हणजे ट्रान्सफरचे, जे २५ ते ५० डॉलर लागतात ते वाचले. टेक्सासमध्ये राज्याचा वेगळा खरेदी परवाना नाही. ४४७३ हा फेडरल फॉर्म भरायचा, फॉर्मवरून एफबीआयच्या एनआयसीएस या पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेकडे विचारणा जाते, आणि तिथून तीनपैकी एक उत्तर येतं: पुढे जा, थांबा, किंवा नकार.

ग्रीन कार्डवाल्यांनी या फॉर्मवर चार ठिकाणी लक्ष द्यायचं. पहिलं नाव. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि ते ड्रायव्हिंग लायसनवर एक, ग्रीन कार्डवर दुसरं असं बऱ्याच जणांचं झालेलं असतं. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. फॉर्मवर पूर्ण मधलं नाव लिहायचं असतं. कायदेशीर नावातच फक्त आद्याक्षर असेल तर त्यापुढे आयओ, आणि मधलं नावच नसेल तर एनएमएन ही अक्षरं लिहायची. दोन कागदांवर दोन नावं असतील तर खरेदीच्या आधी लायसन दुरुस्त करून घ्या. नावातला फरक हे तपासणी रेंगाळण्याचं अगदी साधं आणि टाळता येण्यासारखं कारण आहे.

दुसरं पत्ता. लायसनवरचा पत्ता सध्याचाच हवा. घर बदललंय आणि लायसन जुनं आहे, तर सरकारी कागद जोडावा लागतो, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी. खासगी वीज कंपनीचं बिल चालत नाही. तिसरं, वंश आणि वांशिक गट हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं द्यावी लागतात. आशियाई या चौकटीत खूण करून पुढे गेलो तर फॉर्म परत येतो, कारण हिस्पॅनिक आहात की नाही हेही सांगायचं असतं. चौथं, नागरिकत्वाच्या रकान्यात भारत लिहून खाली यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) क्रमांक भरायचा. तो ग्रीन कार्डवर असतो. म्हणून त्या दिवशी कार्ड सोबत ठेवा. सोशल सिक्युरिटी क्रमांक ऐच्छिक आहे, पण तो दिला तर सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाशी गल्लत होण्याची शक्यता कमी होते.

बाकीचे प्रश्न हो-नाहीचे. गांजाचा प्रश्न नीट वाचा: राज्यात परवानगी असली तरी फेडरल कायद्यात नाही, आणि हे फॉर्मवरच छापलेलं आहे. खरेदी स्वतःसाठी आहे ना, हाही प्रश्न असतो. भाऊ किंवा मित्र पैसे देतोय आणि रायफल त्याची होणार आहे, असं असेल तर उत्तर नाही, आणि खरेदी तिथेच थांबते. खोटं उत्तर हा गंभीर फेडरल गुन्हा आहे. नागरिकाला तुरुंग होतो. आपल्याला तुरुंग होतोच, शिवाय शस्त्रविषयक गुन्हा हा इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. वीस वर्षांची खटपट एका चौकटीवर जाऊ शकते, म्हणून घाईत सही करू नका.

एच-१बी, एल-१, एफ-१ वर असणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहितो, कारण यावर चुकीची माहिती फार फिरते. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस घेणं आणि बाळगणं फेडरल कायद्याने मना आहे. वैध शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद आहे, आणि तो खरेदीच्या वेळी दाखवावा लागतो. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असेल तर ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

थांबा

माझं उत्तर आलं ‘थांबा’. काउंटरवर चार माणसांसमोर हे ऐकताना अवघडल्यासारखं होतं. आपण काहीतरी लपवलंय असा भास होतो. तसं काही नसतं. नागरिक नसलेल्या माणसाच्या बाबतीत इमिग्रेशनच्या नोंदींकडे वेगळी विचारणा जाते, आणि तिला वेळ लागू शकतो.

मोजणी अशी असते. विचारणेचा दिवस धरत नाहीत. त्यानंतर तीन कामाचे दिवस जाऊ द्यायचे, आणि तोवर एफबीआयने नकार कळवला नाही तर पुढच्या दिवशी दुकानदाराला रायफल देता येते. शुक्रवारच्या विचारणेला सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन दिवस, म्हणजे गुरुवार, १३ तारीख. दुकानदाराला ती तारीख कळते. पण ‘देता येते’ याचा अर्थ ‘द्यावीच लागते’ असा नाही. स्पष्ट होकार आल्याशिवाय माल हातात न देण्याचं धोरण बऱ्याच मोठ्या दुकानांचं आहे, ते पैसे भरण्याआधी विचारून घ्या. एका तपासणीची मुदत ३० दिवसांची असते, ती उलटली तर पुन्हा पहिल्यापासून. खरेदीदार २१ वर्षांखालचा असेल तर २०२२ च्या कायद्यानुसार ही थांबण्याची मुदत दहा कामाच्या दिवसांपर्यंत वाढू शकते.

माझा होकार मंगळवारी, ११ तारखेला आला. उचलायला गेल्यावर त्याच फॉर्मवर पुन्हा सही करावी लागते: आधी दिलेली उत्तरं आजही खरी आहेत, अशी. ओळखपत्र त्याही दिवशी सोबत ठेवा.

दर वेळी असं अडकायचं नसेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एफबीआयच्या ऐच्छिक नोंदवहीत अर्ज करून स्वतःचा यूपीआयएन हा ओळख क्रमांक मिळवणं. तो फॉर्मवर लिहिला की ओळखीची गल्लत टळते. दुसरा, टेक्सासचा लायसन टू कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगण्याचा राज्याचा परवाना. सप्टेंबर २०२१ पासून पिस्तूल बाळगायला त्याची गरज उरली नाही म्हणून अनेकांनी तो काढणं सोडलं, पण तो असेल तर दुकानात एनआयसीएस विचारणाच करावी लागत नाही, फक्त फॉर्म भरायचा. शुल्क ४० डॉलर, ४ ते ६ तासांचा वर्ग, रेंजवरची परीक्षा आणि बोटांचे ठसे. ग्रीन कार्डवर तो मिळतो. रायफलचा बेत असेल तर तो आधी काढून ठेवणं मला फायद्याचं वाटतं.

टेक्सासमध्ये पाच कामाच्या दिवसांत एकाच दुकानातून अशा दोन रायफली घेतल्या तर दुकानदाराला फेडरल खात्याला कळवावं लागतं. गुन्हा नाही, पण कळवलं जातं हे माहीत असावं.

दुकानातून निघण्याआधी

फॉर्मवरचा क्रमांक आणि रायफलच्या लोअर रिसीव्हरवरचा (ट्रिगर आणि मॅगझिन बसतं तो खालचा सांगाडा) क्रमांक जुळवा. कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे हा लोअर रिसीव्हरच. नळी, अपर (वरचा सांगाडा), दस्ता हे नुसते सुटे भाग. मग चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघून बोल्ट कॅरियर, म्हणजे चेंबर बंद करणारा बोल्ट ज्यात बसतो तो मागेपुढे सरकणारा भाग, बाहेर काढायला सांगा. त्याच्या डोक्यावर गॅस की नावाचा भाग दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. स्क्रूंच्या कडेचं धातू छिन्नीने आत दाबलेलं दिसलं पाहिजे. तसं नसेल तर काही शे राउंडांनी स्क्रू सैल होतात, गॅस गळते, बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुढचं काडतूस उचललं जात नाही. दस्त्याच्या नळीवरच्या मोठ्या खाचांच्या नटालाही तशीच दाबाची खूण हवी.

घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चाचणी करा. खटका (सेफ आणि फायर यांत बदलणारी सुरक्षेची कळ) सेफवर, ट्रिगर ओढा: काही होता कामा नये. फायरवर: हॅमर (आतला हातोडा) पडल्याचा आवाज. ट्रिगर दाबूनच ठेवून चार्जिंग हँडल (बोल्ट मागे खेचायची मूठ) मागे ओढून सोडा, मग ट्रिगर हळूहळू सैल करा: स्पष्ट टक् असा आवाज यायला हवा. नवीन रायफलला लावलेलं तेल हे गंजू नये म्हणून असतं, चालण्यासाठी नसतं. ते पुसून बोल्ट कॅरियरच्या घासणाऱ्या पट्ट्या, कॅम पिन आणि बोल्टवरच्या गॅस रिंगा यांना ताजं तेल द्या. पिस्तूल थेंबभर तेलावर चालतं. एआर-१५ ओलीच हवी.

झीरो

झीरो म्हणजे ठरवलेल्या अंतरावर नेमाचा बिंदू आणि गोळी एकाच जागी आणणं. हा भाग पिस्तूलवाल्याला सर्वांत नवा, म्हणून थोडा रेंगाळतो.

पिस्तुलाची नेमाची खूण नळीच्या अगदी वर असते. एआर-१५ वर रेड डॉट नळीच्या मध्यरेषेपासून साधारण २.६ इंच वर बसतो. म्हणजे नजर वरून आणि गोळी खालून निघते, आणि दोन्ही कुठेतरी भेटवाव्या लागतात. मी ५० यार्ड निवडले. ५० ला भेट घातली की १०० यार्डांवर गोळी साधारण दीड इंच वर लागते आणि २०० च्या आसपास परत नेमाच्या बिंदूजवळ येते. म्हणजे या सगळ्या टप्प्यात नेम तसाच ठेवला तरी दोन इंचांपलीकडे फरक पडत नाही.

गंमत जवळच्या अंतरावर आहे. ७ यार्डांवर, जिथे आपण पिस्तुलाने सहज एका भोकात गोळ्या घालतो, तिथे रायफलची गोळी बिंदूच्या सव्वादोन इंच खाली लागते. पहिल्यांदा पाहिलं की वाटतं रेड डॉट बिघडला. तो ठीक असतो, भूमिती तशीच आहे. जवळच्या बारीक लक्ष्यावर तेवढा नेम वर धरायचा, डॉटला हात लावायचा नाही.

आधी माउंट. स्क्रू किती घट्ट करायचे ते त्या डॉटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, टॉर्कच्या पान्यानेच करा आणि स्क्रूपासून माउंटपर्यंत रंगाच्या पेनने एक रेघ ओढा. पुढे रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरलाय हे लगेच कळतं. माउंट अपर रिसीव्हरच्या पट्टीवरच बसवा, अर्धा अपरवर आणि अर्धा पुढच्या हँडगार्डवर असा नको.

मग २५ यार्ड. रायफल बाकावर, पुढे वाळूची पिशवी, दस्त्याखाली दुसरी. मॅगझिन पिशवीवर टेकू देऊ नका. पाच राउंडांचा गट मारा आणि गटाचा मध्य मोजा. एका गोळीवरून कधीच फिरवाफिरवी करू नका. शेवटी ५० यार्डांची भेट हवी असेल तर २५ वर गोळी साधारण सव्वा इंच खाली लागायला हवी. इथे बिंदूवर आणून ठेवली आणि ५० ला न तपासता घरी गेलं, तर १०० यार्डांवर गोळ्या भलत्याच उंच जातात.

क्लिकचा, म्हणजे डॉट सरकवण्याच्या स्क्रूच्या एकेका टप्प्याचा, हिशेब: एक एमओए (कोनाचं माप) म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच, ५० वर अर्धा, २५ वर पाव. माझ्या डॉटची क्लिक अर्ध्या एमओएची. म्हणजे ५० यार्डांवर एक इंच सरकवायला चार क्लिक, आणि २५ वर तेवढ्याच इंचासाठी आठ. काही डॉटची क्लिक पूर्ण एक एमओएची असते, पुस्तिका बघा. दर बदलानंतर पुन्हा पाच राउंड. वाऱ्याचा दिवस टाळा, डॉटचा प्रकाश कमीत कमी ठेवा, नाहीतर तो लक्ष्य झाकून टाकतो. पन्नासेक काडतुसं हाताशी ठेवली तर घाई होत नाही, आणि नळी तापली की थांबता येतं. काडतुसाचा प्रकार बदलला तर झीरो पुन्हा तपासा. ५५ ग्रेनवर केलेला झीरो ७७ ला तसाच मिळेल असं नाही.

पिस्तुलाच्या हाताला ज्या गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात

सर्वांत महत्त्वाचा खटका. ग्लॉकसारख्या पिस्तुलावर वेगळा खटका नसतो, त्यामुळे अंगठ्याला सवयच नसते. रायफलवर नियम करा: नजर डॉटमधून हटली की अंगठा सेफवर. आणि हे माहीत असू द्या की हॅमर चढलेला नसेल तर खटका सेफवर जातच नाही. खटका अडला तर जोर लावू नका. नळी सुरक्षित दिशेला धरा, मॅगझिन काढा, चेंबर बघा.

पिस्तुलात मॅगझिन ठोकून बसवतो. इथे बोल्ट बंद असताना पूर्ण ३० भरलेलं मॅगझिन नीट बसत नाही, कारण वरचं काडतूस कॅरियरला अडतं. बसल्यासारखं वाटतं, आणि पहिल्याच गोळीनंतर खाली पडतं. २८ भरा, वर ढकला, मग खाली ओढून खात्री करा. नव्या माणसाचे बहुतेक अडथळे इथूनच येतात, रायफलमधून नाही.

आवाज. बंद रेंजवर ५.५६ चा दणका छातीला जाणवतो. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही घाला. बंद रेंजवर हिरव्या टोकाची ६२ ग्रेनची एम८५५ काडतुसं बहुधा चालत नाहीत, कारण आत पोलादाचं टोक असतं. तिथे चुंबक लावून बघतात, आणि पोलादी आवरणाची साधी गोळीही त्यात अडकते. खरेदीआधी रेंजचा नियम विचारा. पिस्तुलाच्या पोलादी लक्ष्यांवर रायफल कधीही चालवायची नाही. १० यार्डांवर नऊ एमएम सहन करणारी पाटी ५.५६ ने खड्डे पडून निकामी होते, आणि पुढच्या पिस्तूलवाल्याच्या गोळीचे तुकडे त्या खड्ड्यांतून परत येतात. कठीण एआर५०० पोलादावरही रायफलसाठी किमान १०० यार्ड धरा.

रेंजवरून आल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, कपडे वेगळे टाका, बूट दाराबाहेर. शिसं मुलांच्या अंगाला मोठ्यांपेक्षा लवकर बाधतं.

सफाई

बोल्ट कॅरियर उघडायचा क्रम असा: फायरिंग पिनची अडसर-पिन, मग फायरिंग पिन, बोल्ट आत दाबून कॅम पिन पाव फेरा फिरवून वर, मग बोल्ट. जोडताना उलट. इथे दोन चुका धोक्याच्या आहेत. कॅम पिन घालायची राहिली तर बोल्ट फिरून बंद होत नाही, आणि तशा अवस्थेत गोळी सुटली तर रायफल फुटू शकते. अडसर-पिन फायरिंग पिनच्या कॉलरच्या चुकीच्या बाजूने गेली तर फायरिंग पिन मोकळी राहते. म्हणून जोडून झाल्यावर कॅरियर हातावर उलटा करून हलवा, पिन बाहेर पडता कामा नये. रिसीव्हरमध्ये सरकवण्याआधी बोल्ट पुढे ओढलेला असू द्या.

गॅस रिंगा झिजल्यात का हे कळायला कॅरियर बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा करा. स्वतःच्या वजनाने तो खाली बसला तर रिंगा बदलायची वेळ झाली. तीन रिंगांचा संच काही डॉलरचा असतो, एक जादा ठेवा. मी वहीत तारीख, काडतुसाचा प्रकार, राउंडांची संख्या आणि झालेले अडथळे लिहितो. एकाच मॅगझिनवर अडथळे येत असतील तर ते वहीतच दिसतं, म्हणून मॅगझिनना पेनने क्रमांक द्या.

आई-बाबा आले की

उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, आणि बाबांना रेंज बघायची असते. बी-२ हाही नॉन-इमिग्रंट व्हिसाच. त्यांच्या हातात बंदूक देणं, अगदी रेंजवर आपल्या शेजारी उभं राहूनही, वर लिहिलेल्या बंदीत येतं. काचेमागून बघू द्या, हातात देऊ नका. एच-१बी वरच्या मित्राचंही तेच. तिजोरीचा आकडा त्यांच्याजवळ नसावा, किल्ली देवघराच्या खणात नसावी. घरात दोघांपैकी एकजण अजून नॉन-इमिग्रंट व्हिसावर असेल तर त्यालाही हेच लागू आहे, आणि अशा घराने खरेदीआधी वकिलाशी बोलणं बरं.

दुसऱ्या राज्यातून गाडीने जाताना १९८६ च्या फेडरल कायद्याचं संरक्षण मिळतं, पण ते निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी रायफल कायदेशीर असेल तरच. रायफल रिकामी आणि डिकीत हवी, काडतुसंही डिकीत. डिकी स्वतंत्र नसेल तर दोन्ही कुलूपबंद पेटीत, आणि ती पेटी ग्लव्ह बॉक्स किंवा सीटमधला खण चालत नाही.

आणि भारतात जाताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका, अगदी चार्जर ठेवण्यापुरतीही. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतो, अटक होऊ शकते, सुट्टी कोर्टात जाते आणि परतीचं तिकीट वाया जातं. रिकामी पुंगळी सापडली तरी चौकशीत तासन्‌तास जातात. रेंजवर घालायची जॅकेट आणि पँट वेगळी ठेवा, आणि सामान भरण्याआधी सगळे खिसे उलटे करून बघा. मुलांच्या दप्तरांचेही, कारण रेंजवरून आणलेली चमकती पुंगळी त्यांना आवडते.